आबांची झोप आणि माझे तीन किलोमीटर

आमच्या घरात पापड वरणात भिजवून खायचे. कडक पापड कुणाला आवडत नव्हता असं नाही, पण तो मोडताना आवाज व्हायचा आणि आतल्या खोलीत आबा झोपलेले असायचे. माझे वडील, आबा, शहराबाहेर गंगापूरच्या रस्त्याला जो पाळण्यांचा आणि पाण्याच्या घसरगुंड्यांचा मोठा पार्क होता, तिथं रात्रीचे वॉचमन होते. सकाळी सायकलवरून घरी यायचे, अंघोळ करायचे, एक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचे आणि जमिनीवर घोंगडी टाकून आडवे व्हायचे. मे महिन्यातसुद्धा घोंगडीच. ते आत गेले, दार लोटलं गेलं, की आमच्या घराचा आवाज बंद. आई खिडकीला गोणपाट लावायची, मोरीच्या नळाला फडकं बांधायची, म्हणजे थेंब पडला तरी फडक्यावर पडावा. कुकर लावायची तो हातात पळी घेऊनच. शिट्टी येणार असं वाटलं की पळीच्या दांड्यानं ती हळूच वर उचलून वाफ सोडून द्यायची. शिट्टी न वाजता डाळ किती शिजली हे तिला वाफेच्या वासावरून कळायचं. मी त्या घरात वाढले आणि कुकर शिट्टी वाजवतो हे मला बाहेरच्या घरांतून कळलं, असं म्हटलं तर थोडंच खोटं होईल.

आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर होत्या आणि वर यायला बाहेरून लोखंडी जिना होता. तो जिना म्हणजे आईचा खरा वैरी. मधोमध पाय पडला तर पायरी अशी वाजायची की अख्ख्या गल्लीला कळावं. म्हणून आम्ही कडेकडेनं, चपला हातात घेऊन, अनवाणी चढायचो. उन्हाळ्यात तळपाय भाजायचे, पण 'हाय' म्हणायची सोय नव्हती. खालच्या मजल्यावर शबाना भाभी राहायच्या. त्यांचं माहेर सिल्लोडचं. शिवणकाम करायच्या. आईनं एकदा खाली जाऊन त्यांना हात जोडले होते, तेव्हापासून भाभी दुपारी मशीन चालवत नसत. काज-बटणं, तुरपाई, असलं मुकं काम दुपारसाठी राखून ठेवायच्या. भाजीवाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी आला की ओरडणं बंद करून गाडा ढकलत पुढं जायचा आणि वळणावर गेल्यावर पुन्हा सुरू करायचा. त्यालाही आईनंच शिकवलं होतं.

आणि एवढं करूनही आबा झोपत नसत. तासाभरात आतून घोंगडी सरकल्याचा आवाज यायचा. मग पाणी प्यायल्याचा. मी फटीतून बघायचे तर ते भिंतीला टेकून बसलेले, डोळे लाल, मान थोडी तिरकी, कुठं काहीतरी ऐकल्यासारखी. आई कपाळावर हात मारायची आणि मग माझी चौकशी लागायची. कोण खोकलं? पेला कुणी ठेवला? एकदा कुणीच काही केलेलं सापडलं नाही तेव्हा तिनं भिंतीवरचं घड्याळ काढून ट्रंकेत कपड्यांखाली पुरलं, कारण ते टिकटिक करत होतं. आबा जितके कमी झोपत, तितके आम्ही जास्त गप्प होत गेलो. आई सकाळी दोन घरची धुणीभांडी करून यायची आणि आल्यावर उंबऱ्यात बसून दिवसभर त्या शांततेची राखण करायची. मांडीवर ज्वारीचं सूप आणि डोळे जिन्याकडं. ती स्वतः दुपारी कधी आडवी झाली नाही. आईचा त्या वर्षांतला चेहरा आठवला की मला आजही आधी थकवाच आठवतो. नाक-डोळे नंतर.

आबांचं मूळ मेंढरांचं. आमच्या घराण्यात सगळे कळप घेऊन हिंडणारे. पावसाळा संपला की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, निघायचा तो गोदावरीच्या काठाकाठानं, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवत. रात्री मेंढरांनी रान खतवायचं आणि सकाळी शेतकऱ्यानं धान्य द्यायचं. चराईची रानं संपत गेली, दोन उन्हाळे वाईट गेले, आणि आबांनी कळप विकला. मी तेव्हा लहान होते. कळप विकल्यावर आबा तीन दिवस बोलले नाहीत असं आई सांगायची, पण ते एरवीही फारसं बोलत नसत, त्यामुळे तिनं तीन दिवस कसे मोजले कुणास ठाऊक. मग आम्ही शहरात आलो. शहराला तेव्हा जुनं आणि नवं अशी दोन नावं होती. भाभी जुनं म्हणायच्या, एसटीच्या पाट्या नवं म्हणायच्या, आबा नुसतं 'शहर' म्हणायचे आणि त्यांचं कुठं अडत नव्हतं. वॉचमनची नोकरी मिळाली तेव्हा ते आईला म्हणाले होते, रात्रभर राखणच तर करायची, ती येतीच की आपल्याला.

पण रात्रभर राखायचं आणि दिवसा झोपायचं नाही, हे किती दिवस चालणार? पार्कात दोनदा ते खुर्चीवर झोपलेले सापडले. दोन्ही वेळा पंपघराबाहेर. घसरगुंड्यांचं पाणी रात्रभर गाळणारे मोठे पंप तिथं घरघरत असत. सुपरवायझर साहेब माणूस वाईट नव्हता. पहिल्यांदा त्यानं सोडून दिलं. दुसऱ्यांदा म्हणाला, "मामा, आता तिसऱ्यांदा दिसलात तर ड्रेस काढून ठेवा." हे आबांनी घरी सांगितलं नाही. त्यांच्याबरोबरच्या एका माणसाच्या बायकोनं आईला सांगितलं आणि त्या दिवसापासून आई फुंकर मारून चूल पेटवायचीसुद्धा बंद झाली, पुठ्ठ्यानं हळूहळू वारा घालायची. आबांची ती नोकरी गेली तर गावाकडं परत जायलाही काही उरलेलं नव्हतं. हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. आम्ही ते बोलत नव्हतो, कारण बोलायचं म्हटलं तरी कुजबुजायला लागायचं.

अशात एका सकाळी आबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तुझं नाव दिलंय, कोमल."

"कशात?"

"पार्कात पळायचंय. तीन किलोमीटर. फन रन हाय म्हनं. कामावरच्यांच्या पोरांना फुकट, बनियान बी मिळतं आन् बिल्ला बी."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "पोरीनं पळायचं? कशापायी? कोन लागलंय मागं?"

"कोन नाय लागत. हौसेनं पळत्यात."

"हौसेनं," आई म्हणाली. त्या एका शब्दात तिनं तिची सकाळची दोन घरं, दळण, पाणी आणि आबांचे लाल डोळे सगळं घातलं. पण नाव दिलं होतं. साहेबांनी प्रत्येकाला सांगितलं होतं, घरचं एक तरी माणूस आणा, गर्दी दिसली पाहिजे. आणि साहेबांचा शब्द मोडण्याची आमची ती वेळ नव्हती.

मी तोवर आयुष्यात पळाले नव्हते. हसू नका, खरं सांगते. शाळेत पीटीच्या तासाला मी दप्तरं सांभाळायचे आणि घरात तर चालण्याचीच चोरी. भाभींनी त्यांच्या भाचीचे जुने बूट सिल्लोडहून मागवून दिले. ते मला मोठे व्हायचे, म्हणून पुढं चिंध्या कोंबल्या. तळ जाड आणि टणक. फरशीवर ठेवले तरी वाजायचे. आईनं ते बघितले आणि मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, की हे जिन्यावर पायात दिसले तर खालीच राहायचं. मग रोज पहाटे मी बूट छातीशी धरून, अनवाणी, कडेकडेनं जिना उतरायचे, गल्ली संपल्यावर दगडावर बसून ते घालायचे आणि येताना तिथंच काढायचे.

आमच्या वस्तीच्या मागून हमरस्ता जात होता. त्याच्या कडेच्या कच्च्या पट्टीवरून मी पळायला लागले. पहिल्या दिवशी पाण्याच्या टाकीपर्यंत गेले आणि बरगडीखाली अशी कळ आली की खाली बसले. कुत्री मागं लागली होती ती सुद्धा थांबली आणि बघत राहिली. दुसऱ्या दिवशी पाय उचलेनात. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, आपण फक्त नाव लावू आणि गर्दीत मिसळून बाजूला होऊ. लोक म्हणतात पळाल्यावर ताजंतवानं वाटतं. मला तर तेव्हा पळून आल्यावर फक्त झोप यायची आणि आमच्या घरात झोप ही आबांच्या वाटणीची गोष्ट होती.

चौथ्या दिवशी आबा भेटले. ड्युटीवरून सायकलनं येत होते. मला कंबरेवर हात ठेवून वाकलेली बघितलं आणि उतरले. सायकल हातात धरून माझ्या बाजूनं चालू लागले. मग म्हणाले, "असं झटका मारून पळती, म्हनून दमती. पळायचं नाय. चाल धरायची."

"पळायची स्पर्धा आहे आबा."

"व्हय. पर मेंढरामागं कुनी पळतं का? पळलं की मेंढरू बुजतं, पांगतं. अशी चाल धरायची की दिवसभर पुरंल. दम लागला तरी चाल मोडायची नाय. आन् बसायचं तर बिलकूल नाय. बसला की संपला."

आणि त्यांनी मला ती चाल दाखवली. सायकल ढकलत, गुडघे थोडे सैल, टाच जमिनीला लागते न लागते. मी मागून गेले तर मला अर्धं पळावं लागत होतं. ते चालतच होते. त्या दिवसापासून रोज सकाळी टाकीपाशी ते मला भेटायचे आणि तिथून घरापर्यंत आम्ही बरोबर यायचो. एका घरात राहून मला वडील भेटले ते असे रस्त्यावर. घरात ते झोपलेले नाहीतर झोपायला निघालेले असायचे. इथं ते बोलायचे. कुठलं रान कसं होतं, कुठल्या ओढ्याला मगर निघाली होती, कोणती मेंढी हाक मारली की आडून बघायची. आई मात्र चिडली. मला म्हणाली, "त्याची अर्धा तास झोप रस्त्यावर खायली तू." तिचंही खरं होतं. मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी आबाच जिन्याखाली उभे राहिले आणि माझे बूट त्यांच्या हातात होते.

एकदा असं झालं, की चालता चालता ते पुलाच्या कठड्यावर टेकले. म्हणाले, पायात खडा गेलाय. मी पुढं जाऊन वळून बघते तर झोपलेले. ट्रक चाललेले, हॉर्न वाजतायत, उसाची ट्रॉली मोठ्यानं गाणी लावून गेली आणि आबांची मान छातीवर. मी जागच्या जागी उभी राहिले. श्वास लागला होता तोही तोंड दाबून घेत होते, जाग यायला नको म्हणून. जरा वेळानं रस्ता मोकळा झाला, एकही गाडी नाही, आणि आबा खाडकन उठले आणि इकडंतिकडं बघायला लागले. मला वाटलं, माझ्याच श्वासानं उठले. घरी येऊन मी आईला हे सांगितलं नाही.

पळायच्या दिवशी सगळ्या कामगारांना दुहेरी ड्युटी लागली. रात्रीची करायची आणि तशीच सकाळी पळणाऱ्यांच्या बंदोबस्ताला उभं राहायचं. आईनं ते ऐकलं आणि तिचं कामात लक्ष लागेना. दुधाचं पातेलं उतू गेलं, चटणीत मीठ दोनदा पडलं. पहाटे आम्ही दोघी शेअर जीपनं निघालो. मांडीवर डबा, त्यात धपाटे, अंगात माझ्या तो पिवळा बनियान, दोन कोमल मावतील एवढा. "आज ह्यो उभ्या उभ्या झोपंल," आई म्हणाली, "आन् साहेब नेमका बघंल."

पार्क मी आतून पहिल्यांदाच बघत होते. पाळणा बंद होता पण दिवे चालू. प्लास्टिकचा एक मोठा डायनासोर मान वळवून दर थोड्या वेळानं डरकाळी फोडायचा. फाटकाशी डीजेवाल्यानं माणसाच्या उंचीच्या पेट्या एकावर एक रचल्या होत्या, त्यातून असा आवाज येत होता की पोटातला चहा हलत होता. शहरातून गाड्या भरभरून माणसं आली होती, बायका, लहान मुलं, कुणी उड्या मारत होतं, कुणी फोटो काढत होतं. साहेब बॅटरीच्या गाडीतून सगळीकडं फिरत होते. आणि आबा सगळ्यात शेवटी उभे होते. गणवेश, गळ्यात शिट्टी, हातात काठी. त्यांचं काम होतं सगळ्यांच्या मागून चालायचं आणि कुणी मागं राहत नाही ना ते बघायचं. डोळे नुसते रक्तासारखे. त्यांनी आम्हाला बघितलं आणि काठी थोडी वर केली. आई डबा पोटाशी धरून उभी राहिली आणि तिची नजर साहेबांच्या गाडीवर.

सुटलो तशी मी सगळं विसरले. एवढी माणसं एकदम पळायला लागली की माणूस वेडा होतो. मी झटका मारूनच पळाले. डायनासोर मागं पडला, तिकीटघर मागं पडलं, पार्किंगला वळसा घालून पाळण्यापाशी आले आणि बरगडीखाली तीच कळ. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी जाऊ लागली. पोट सुटलेले काका गेले, आईचं बोट धरलेली एक छोटी गेली आणि जाताना वळून माझ्याकडं बघत गेली. मग फोटो काढत चालणाऱ्या चार बायका तेवढ्या राहिल्या आणि त्याही पुढं गेल्या. माझ्या मागं कुणी नव्हतं. बाजूला सिमेंटचा बाक होता. मी त्याच्याकडं वळले तेवढ्यात मागून आबांची शिट्टी आली.

काठी खांद्यावर आडवी टाकून, दोन्ही हात तिच्यावरून सोडून, ते येत होते. तीच चाल. "बाकाकडं बघू नको," ते म्हणाले.

"आबा, पोटात लई दुखू राहिलंय."

"दुखंल. चाल धर."

"नाही होत."

ते माझ्या मागं येऊन थांबले. शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली. मग तोंडाशी हात नेला आणि हाक घातली. शब्द नव्हता तो. हुर्रऽऽ असं सुरू होऊन वर चढणारं, मध्येच जिभेवर थरथरणारं, आणि शेवटी माळावर लांब फेकल्यासारखं काहीतरी. पाळण्याच्या लोखंडावर आपटून ते परत आलं. पुढच्या बायका दचकून वळल्या, हसल्या आणि हसत हसत पळायलाच लागल्या. ज्या माणसाच्या झोपेसाठी मी लहानाची मोठी कुजबुजत झाले, त्या माणसाच्या छातीत एवढा आवाज होता. माझे पाय आपोआप निघाले. आबांनी दुसरी हाक घातली, तिसरी घातली. मी त्या हाकेच्या पुढं पुढं, गुडघे सैल सोडून, त्या बायकांना मागं टाकत, बोट धरलेल्या छोटीला मागं टाकत, फाटकात आले. कुणीतरी गळ्यात बिल्ला घातला. रडू आलं, पण घाम एवढा होता की कुणाला कळलं नाही.

आता कुणी विचारलं की तुझा कितवा नंबर आला, तर मला खरंच सांगता येत नाही. तिथं नंबर नव्हतेच.

पोहे खाऊन झाले आणि आई म्हणाली, "तुझा बाप कुठं हाय?" मागचे सगळे आत आले होते आणि आबा दिसत नव्हते. पंपघराकडं बघितलं, नव्हते. पाण्याच्या टाकीमागं नव्हते. आईचा चेहरा पांढरा पडत चालला, कारण साहेबांची गाडी पलीकडून वळून इकडंच येत होती. आणि मग मला दिसले ते त्या डीजेच्या पेट्यांच्या मागं. जमिनीवर, पेटीला पाठ लावून, काठी कुशीत घेऊन आबा झोपले होते. तोंड उघडं. पेटी धडधडत होती, तिच्याबरोबर त्यांची टोपी हलत होती आणि ते घोरत होते. मी आबांना घोरताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकलं म्हणजे काय, त्या गोंगाटात फक्त बघितलं.

आईनं त्यांना हलवून उठवायला हवं होतं. गाडी जवळ आली होती. पण इतक्या वर्षांची सवय. नवरा झोपलेला दिसला की तिला एकच गोष्ट सुचायची. ती डीजेवाल्याकडं धावली आणि हात जोडून म्हणाली, "दादा, जरा बारीक करा हो. मानूस झोपलंय." त्याला काय ऐकू आलं कुणास ठाऊक. काहीतरी सूचना द्यायची असेल असं वाटून त्यानं आवाज एकदम बंदच केला.

त्याच क्षणी आबा उभे होते. काठी हातात, पाय रोवलेले, मान तिरकी, नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत. "काय झालं?" ते म्हणाले. "कुठं गेली?"

"कोन कुठं गेली?" आई म्हणाली.

तेवढ्यात साहेबांची गाडी येऊन थांबली. साहेबांनी बघितलं तर मामा काठी घेऊन ताठ उभे. "वा मामा," ते म्हणाले, "रातभर जागून अजून फिट. जा आता घरी, सुटली तुमची ड्युटी." आणि गाडी पुढं गेली.

येताना जीपमध्ये आबा खिडकीशी बसले. मग मीच विचारलं, "कुठं गेली म्हणालात, ते कोण?"

"मेंढरं," आबा म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत होते. "रातीला मेंढरं गप नसत्यात. रवंथ करत्यात, खोकत्यात, घुंगरं वाजत्यात. कोकरू वरडतं. तवर मानसानं खुशाल झोपायचं. आन् सगळी एकदम गप झाली की उठायचं. गप झाली म्हंजी लांडगा आलाय."

जीप खड्ड्यातून गेली. सगळे एकमेकांवर आदळले आणि परत सरळ बसले. मी आईकडं बघत होते. तिला कळायला माझ्यापेक्षा जरा जास्त वेळ लागला, की कळलं होतं पण कबूल करवत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "म्हंजी घरात..."

"घरात लई गप असतं," आबा म्हणाले. "डोळा लागला की वाटतं, काय तरी आलंय. मलाच कुठं कळत व्हतं ते? आज कळलं, त्या पेटीपाशी."

"झोप येत नव्हती तर बोलायचं ना."

"तुमी एवढं जपत व्हता. तळपाय भाजून घेत व्हता. म्या कसं म्हनू मला झोप येत नाय? मग डोळं मिटून पडायचो."

आईनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं रडतेय, पण ती नुसती बसली होती. कुणी आपल्या डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवलं आणि म्हणालं की यात दगडच होते, तर माणूस जसा बसेल तशी. क्रांती चौकात जीप सिग्नलला थांबली तेव्हा ती म्हणाली, "ते घड्याळ ट्रंकेतून काढ गं कोमल घरी गेल्यावर." बस, एवढंच.

माझी नात मला विचारते, की आजी, तुझ्याकडं रेडिओ रात्रभर का चालू असतो. मी सांगते, सवय. तिला एवढं पुरतं. ती लहान आहे आणि तिनं लांडगा चित्रातच बघितलाय.

त्या पळण्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं कुकर लावला. वाफ चढली तसा तिचा हात पळीकडं गेला. पळी उचलली, थोडा वेळ धरली आणि परत खाली ठेवली. शिट्टी झाली. आम्ही दोघीही दचकलो. खालून भाभींची हाक आली, "क्या हुआ गे? सब खैर है ना?"

"चालू करा तुमची मशीन भाभी," आई वरून म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजाची तिला लाज वाटल्यासारखी झाली.

"आबा सोये नै क्या?"

"सोये. म्हनूनच चालू करा."

भाभींना काही समजलं नसणार, पण मशीन सुरू झालं. आतून घोरण्याचा आवाज यायला लागला. एक लय धरून, मशीनच्या खालच्या सुरात. आई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन बसली होती. ज्वारीत हात फिरत होता तो हळू होत गेला. मग थांबला. मी बघितलं तर तिची मान चौकटीला टेकलेली. आई दुपारी झोपली होती. तोंडावरच्या रेषा सैल पडल्या होत्या आणि ती मला एकदम अनोळखी, तरुण बाई दिसायला लागली. मी हलले नाही.

कुकर गार झाला. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी गप्प झाला आणि सवयीनं गप्पच पुढं गेला. थोड्या वेळानं भाभींचं मशीन थांबलं, त्या नमाजाला उठल्या असाव्यात. गल्लीत काही म्हणजे काही वाजत नव्हतं. आणि आतलं घोरणं मध्येच अडखळलं. घोंगडी सरकली.

मी कोपऱ्यातून बूट उचलले, आईचे पाय अलगद ओलांडून बाहेर आले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून ते पायात घातले. मग उठले आणि अगदी मधोमध पाय टाकत खाली पळाले. सगळा जिना वाजला. खाली पोचून वर कान दिला. घोंगडी सरकायची थांबली होती. मी पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. ऊन होतं, बरगडीखाली कळ यायला लागली होती, पण आता मला ठाऊक होतं काय करायचं. गुडघे सैल सोडले आणि चाल धरली. दुपारभर पुरेल अशी.